क्योटोचा कापूर: ३ कोटी ४० लाख फायली उडाल्या त्याचं प्रकरण

आमच्या सेंटरला नवीन कोणी जॉइन झालं की रूटचा, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड द्यायच्या आधी मी त्यांना जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरची गोष्ट सांगतो. चहा मागवतो, अर्धा तास घेतो आणि शेवटी विचारतो, सांग बघू चूक नक्की कुठे झाली. बहुतेक सगळे म्हणतात "डिलीट कमांड चुकली सर". नाही ना चुकली. कमांड बरोबर होती, जुनी स्क्रिप्ट (कमांडची यादी लिहिलेली फाईल) बरोबर होती, नवी स्क्रिप्टही बरोबर होती, आणि तरी ७७ टेराबाईट गेले.

आधी थोडं सेंटरबद्दल, कारण बाहेरच्याला वाटतं कॉम्प्युटर सेंटर म्हणजे वायफाय आणि प्रिंटर. फोन येतात ते तसलेच हे खरं, हॉस्टेलला नेट नाही, मेलबॉक्स भरला, परीक्षा विभागाचं पोर्टल उघडेना, व्हीसी साहेबांच्या ऑनलाइन मीटिंगला आवाज येईना. पण त्याच खोलीच्या मागे काचेच्या दाराआड एसी फुल लावून क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले मोठे कॉम्प्युटर, चालू असतो, ज्यावर फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, हवामान असे सगळे पीएचडीवाले रात्री जॉब टाकून झोपायला जातात. वायफाय गेलं की पाच मिनिटांत पन्नास फोन. क्लस्टरवरची एखादी जुनी फाईल गेली तर एकही फोन नाही, कळतं ते कधी कधी सहा महिन्यांनी, प्रबंध लिहायला बसल्यावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर क्योटो विद्यापीठ. १८९७ सालचं, जपानमधल्या जुन्या आणि मानाच्या विद्यापीठांपैकी एक, जपानला पहिलं नोबेल मिळवून देणारे हिदेकी युकावा तिथलेच, १९४९ चं फिजिक्सचं. अशा ठिकाणी सुपरकॉम्प्युटर म्हणजे चैन नाही, लायब्ररीसारखी रोजची गरज. आणि तो फक्त त्यांच्यापुरताही नाही, जपानमध्ये होक्काइदो, तोहोकू, टोकियो, टोकियो टेक (२०२४ पासून सायन्स टोकियो), नागोया, क्योटो, ओसाका, क्यूशू अशा आठ विद्यापीठांच्या संगणन केंद्रांचं एक जाळं केलेलं आहे आणि बाहेरचे संशोधकही त्यांच्या मशीनवर वेळ मागून काम करतात. म्हणजे एका सेंटरच्या कपाटात किती जणांचा संसार असतो ते बघा.

क्योटोवाल्यांनी मशीनना झाडांची नावं दिलेली. कॅम्फर, लॉरेल, सिनॅमन. त्यातलं कॅम्फरचं झाड विद्यापीठाच्या बोधचिन्हातच आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर ते झाड उभंही आहे. आपल्या भाषेत म्हणजे कापूर आणि दालचिनी. आता ज्या साठ्यातला डेटा पुढे असा उडाला त्याच्या शेजारच्या मशीनचं नाव कापूर असावं, हे मराठी माणसाला सांगताना हसू आवरत नाही, पण त्यांच्या भाषेत ती कोटी होत नसणार, त्यांच्यासाठी ते सावली देणारं झाड आहे.

त्या वेळचं कॅम्फर २ म्हणजे क्रे कंपनीचं एक्ससी४० मॉडेल. हे नाव पुण्यातल्या लोकांना ओळखीचं वाटेल, कारण पाषाणला हवामानवाल्यांच्या आयआयटीएममध्ये जानेवारी २०१८ ला जो 'प्रत्युष' बसला, ४ पेटाफ्लॉपचा (सेकंदाला चार हजार लाख कोटी गणितं), तोही एक्ससी४०च. आतले प्रोसेसर वेगळे पण घराणं एकच. म्हणजे ही कुठल्या परग्रहावरची गोष्ट नाही, पाषाण रोडवरून जाताना उजवीकडे डावीकडे बघाल तर त्याच जातीचं यंत्र तिथेही होतं. २०१९ मध्ये क्रे कंपनी हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने विकत घेतली, त्यामुळे क्योटोच्या मशीनच्या देखभालीत आणि या प्रकरणात नाव येतं ते त्यांच्या जपानमधल्या कंपनीचं.

आता स्टोरेज. अशा यंत्राला साधी हार्डडिस्क पुरत नाही. हजारो प्रोसेसर एकाच वेळी लिहिणार वाचणार, म्हणून लस्टर नावाची फाईल सिस्टीम असते. एका फाईलचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवरच्या डिस्कांवर पसरून ठेवतात आणि कुठला तुकडा कुठे आहे याची वही वेगळ्या सर्व्हरकडे. वेग जबरदस्त मिळतो. पण वहीतून नाव खोडलं की संपलं, रिसायकल बिन वगैरे लाड इथे नाहीत, आणि दहा ठिकाणी पसरलेले तुकडे नंतर शोधून जोडायचे म्हणजे उसाच्या चोथ्यातून ऊस करायचा. क्योटोत या मोठ्या साठ्याचं नाव होतं लार्ज-झिरो. संशोधकांचे गट तिथे आपापले फोल्डर करून डेटा ठेवायचे.

मंगळवार, १४ डिसेंबर २०२१, संध्याकाळचे ५ वाजून ३२ मिनिटं. आपल्याकडे दुपारचे दोन वाजून गेलेले. त्या मिनिटाला लार्ज-झिरोमधून फायली जायला सुरुवात झाली, आणि थांबली ती गुरुवारी, १६ तारखेला दुपारी १२ वाजून ४३ मिनिटांनी. ४३ तास ११ मिनिटं. एकूण सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, ७७ टेराबाईट. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो एकदा, सेकंदाला सरासरी दोनशे एकोणीस फायली पडतात, आणि एक फाईल साधारण सव्वादोन एमबीची, म्हणजे एखादा फोटो. दोन रात्री, एक अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, सेकंदाला दोनशे एकोणीस.

नवीन पोरं इथे हमखास विचारतात, दोन दिवस कोणालाच कसं कळलं नाही?

मला वाटतं याचं उत्तर कुठल्या फायली गेल्या त्यात आहे. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी ५:३२ नंतर ज्या फायलींना हात लागला होता त्या वाचल्या. गेल्या त्या त्याआधीच्या, न हललेल्या. म्हणजे ज्याचा जॉब चालू होता, जो रोज लॉगिन करून आउटपुट बघत होता, त्याच्या समोरचं सगळं जागच्या जागी. गेलं ते माळ्यावरचं सामान. मागच्या वर्षीच्या पेपरचा डेटा, तीन महिने चालवून मिळालेला निकाल जो आता फक्त आलेखात घालायचा होता, मागच्या बॅचच्या विद्यार्थ्याने जाताना सोडलेलं फोल्डर. धूर नाही, आवाज नाही. वायफायवाले पन्नास फोन इथे येणार कुठून. बरं जपानमध्ये शैक्षणिक वर्ष मार्चला संपतं, मास्टर्सच्या पोरांचे प्रबंध साधारण जानेवारी-फेब्रुवारीत जमा होतात, म्हणजे डिसेंबरचा मध्य हा असा काळ की तोच जुना डेटा माळ्यावरून खाली काढायची वेळ अगदी जवळ आलेली.

(त्या तारखेत एक गंमत आहे. सफाईचा नियम होता "१० दिवसांपेक्षा जुनं". १४ डिसेंबरमधून १० दिवस काढले तर ४ तारीख येते, ३ नाही. पण लिनक्सची फाइंड कमांड दिवस मोजताना पूर्ण २४ तासांचेच धरते आणि वरचा चुरा टाकून देते, त्यामुळे तिच्या भाषेत "१० पेक्षा जास्त" म्हणजे पूर्ण ११ दिवस झालेलं. ५:३२ मधून ११ दिवस मागे जा, बरोबर ३ डिसेंबर ५:३२. हा हिशोब मी माझ्या अंदाजाने लावलाय पण मिनिटासकट जुळतो, आणि तो जुळला तेव्हा मला जरा शहारा आला, कारण म्हणजे कमांड आपलं काम अगदी चोख करत होती.)

आता नक्की झालं काय. फायली उडवणारा कोणी हॅकर नव्हता, व्हायरस नव्हता, खवळलेला कर्मचारी नव्हता. उडवणारी होती बॅकअपची स्क्रिप्ट. हो, बॅकअपचीच. कुंपणाने शेत खाल्लं ही म्हण आपण उगाच कुठेही वापरतो, इथे ती शब्दशः आहे.

त्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये एक साधं घरगुती काम होतं. बॅकअप रोज चालला की लॉग, म्हणजे काय काय झालं त्याच्या नोंदी, साठतात, ते १० दिवसांपेक्षा जुने झाले की फाइंड कमांडने शोधून पुसायचे. प्रत्येक सिस्टीम ॲडमिनच्या घरी ही ओळ असते, माझ्याकडे किमान पाच ठिकाणी आहे. देखभालीच्या कंपनीने स्क्रिप्टमध्ये सुधारणा केली, आणि सोबत वाचायला सोपी जावी म्हणून फाइंडला द्यायच्या व्हेरिएबलची, म्हणजे पत्ता वगैरे ज्यात भरून ठेवतात त्या डब्यांची, नावं बदलली. चांगलं काम हो. आम्ही पोरांना ओरडून सांगतो की एबीसी, एक्स१, टेम्प२ असली नावं ठेवू नका, दुसऱ्याला कळेल असं लिहा.

मग ती नवी स्क्रिप्ट जुनीच्या जागी टाकली. आणि टाकली तेव्हा जुनी चालू होती.

इथे बॅश, म्हणजे लिनक्सवर असल्या स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम, कसा वागतो ते माहीत असायला लागतं आणि खरं सांगतो, मला दहा वर्षं नोकरी होईपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं प्रोग्राम सुरू झाला की तो सगळा मेमरीत आला, आता मागे फाईलचं काहीही करा. बऱ्याच भाषांत तसं असतंही. बॅश तसा नाही. तो स्क्रिप्ट थोडी वाचतो, तेवढी चालवतो, मग पुढची वाचायला परत फाईलकडे जातो, आणि आपण कुठपर्यंत आलो ते कितवं अक्षर यावरून लक्षात ठेवतो.

मी पोरांना सत्यनारायणाचं उदाहरण देतो. गुरुजी पोथी वाचतायत, तिसऱ्या अध्यायाच्या मधे आहेत, त्यांनी मान वर करून कोणाला तरी प्रसादाबद्दल विचारलं आणि तेवढ्यात कोणीतरी खालची पोथी बदलून नवी आवृत्ती ठेवली. छान छापलेली, मोठ्या टाइपातली, चुका काढलेली. गुरुजी परत खाली बघतात ते पान पन्नास ओळ सात असंच. नव्या पोथीत पान पन्नास ओळ सातवर दुसरंच काही आहे. वरून नव्या आवृत्तीत वाण्याचं नाव बदललंय, ते पहिल्या पानावर सांगितलंय, पण गुरुजींनी पहिलं पान जुन्या पोथीत वाचलेलं. आता पुढे तो नवा माणूस आला की हा कोण, यांना पत्ताच नाही.

माणूस असेल तर थांबेल, चष्मा पुसेल, विचारेल. बॅश विचारत नाही. ज्या व्हेरिएबलची ओळख झाली नाही त्याच्या जागी तो रिकामं धरतो आणि पुढे जातो. नवं नाव स्क्रिप्टच्या वरच्या भागात ठरवलेलं, तो भाग जुन्या स्क्रिप्टच्या वेळी ओलांडून झालेला, खाली फाइंड मात्र नव्या नावाने लॉगचा पत्ता मागतोय. पत्ता रिकामा. "अमुक वाड्यातली लॉगची खोली झाड" मधून "लॉगची खोली" एवढंच पुसलं गेलं तर उरतं काय, "अमुक वाडा झाड". शोध लॉगच्या फोल्डरऐवजी लार्ज-झिरोवर फिरला आणि १० दिवसांपेक्षा जुनं जे दिसेल ते काढत सुटला. वाड्याचं उदाहरण माझं आहे, पण व्हेरिएबल रिकामं राहिलं, चालू स्क्रिप्टवर नवी स्क्रिप्ट चढवली आणि त्याचे काय परिणाम होतील याचा विचार झाला नाही, हे कंपनीने स्वतः लेखी दिलंय.

रिकाम्या व्हेरिएबलने घर धुणं नवं नाही. २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेम विकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये असंच निघालं होतं, फोल्डरचा पत्ता रिकामा राहिला की "या फोल्डरमधलं सगळं पुसा" याचं "मुळापासून सगळं पुसा" होत होतं, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने त्या ओळीच्या वर "भीतीदायक!" अशा अर्थाची कॉमेंट स्वतःच टाकून ठेवली होती. पण ती सरळ सरळ स्क्रिप्टमधली चूक होती, कोणी शहाण्याने नीट वाचली असती तर सापडली असती.

क्योटोचं वेगळेपण हेच आहे आणि माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे. इथे जुनी स्क्रिप्ट तपासायला द्या, पास. नवी द्या, पास. टेस्टिंगच्या मशीनवर नवी दहा वेळा चालवा, दहाही वेळा मुकाट्याने लॉग पुसेल आणि शांत बसेल. चूक दोन्हींपैकी कुठल्याच कागदावर नव्हती, ती कागद बदलण्याच्या त्या क्षणात होती. आणि आपल्याकडे, म्हणजे सगळीकडेच, स्क्रिप्ट लिहिणं हे काम मानतात, तपासणं हे काम मानतात, ती जाग्यावर नेऊन ठेवणं हे काम कोणी मानत नाही. ती कॉपी-पेस्ट. ती जेवणाआधी करून टाकायची गोष्ट. मोठं सॉफ्टवेअर असेल तर रात्री बाराची वेळ ठरवतात, सर्क्युलर काढतात, सेवा बंद राहील म्हणून तीनदा मेल टाकतात, आणि तीस ओळींची शेल स्क्रिप्ट असेल तर कोण विचारतंय.

उपाय बघितले तर रडू येईल इतके बारके आहेत. स्क्रिप्टच्या वर "सेट -यू" एवढं लिहिलं तर ओळख नसलेलं व्हेरिएबल आलं की बॅश तिथेच मान टाकतो, पुढे जात नाही. अर्थात मधेच पोथी बदलली तर सगळेच नियम धरून बसता येत नाहीत, म्हणून दुसरं, सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये गुंडाळायची आणि अगदी शेवटच्या ओळीत ते फंक्शन बोलवून तिथल्या तिथे एक्झिट करायचं, म्हणजे बॅशला काम सुरू करण्याआधी सगळं फंक्शन वाचावंच लागतं आणि नंतर फाईलकडे परत जायचं कारण उरत नाही. तिसरं मला सगळ्यात आवडतं कारण ते लिनक्सच्या स्वभावातच आहे. जुन्या फाईलवर नवा मजकूर ओतायचा नाही, नवी फाईल शेजारी ठेवायची आणि मग एमव्ही कमांडने तिला जुनीचं नाव द्यायचं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण आत फरक असा की ओतलं तर तीच पोथी बदलते, एमव्ही केलं तर जुनी पोथी गुरुजींच्या हातात तशीच राहते, त्यांचं वाचून होईपर्यंत, आणि पुढच्या पूजेला कपाटातून नवी निघते. आणि चौथं, ज्याला कॉम्प्युटरही लागत नाही: बदलायच्या आधी बघा की ती आत्ता चालू आहे का.

आता बॅकअपकडे येतो. ७७ टेराबाईट गेले पण बॅकअप होता ना? होता. १४ गटांचं नुकसान झालं, त्यातल्या १० गटांचं बॅकअपमधून परत आणण्यासारखं होतं, ४ गटांचं नव्हतं. हे वाचून वापरणाऱ्यांचा राग समजू शकतो, कारण "डेटाचा बॅकअप घेतला जातो" या वाक्याचा अर्थ संशोधक एक लावतो आणि सेंटर दुसरा. संशोधकाला वाटतं माझ्या फाईलची कुठेतरी तिजोरीत एक प्रत आहे आणि ती कायम आहे. सेंटरकडे बऱ्याचदा असतो तो मिरर. आरसा. आरशाचं काम काय, समोर जे आहे ते दाखवणं. डिस्क जळाली, सर्व्हर मेला, तर आरसा उपयोगी. पण समोरचा माणूसच उठून गेला तर आरशात तो बसून राहत नाही, पुढच्या फेरीला आरसाही रिकामा. चुकून पुसलेल्या गोष्टीसाठी लागतो तो काल काय होतं, परवा काय होतं, मागच्या महिन्यात काय होतं हे राखून ठेवणारा बॅकअप, आणि त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि पेटाबाईटमध्ये विचार करायला लागलं की फायनान्सवाले तोंड फिरवतात. क्योटोने नंतर जे जाहीर केलं त्यात हेच होतं, की नुसत्या मिररवर न थांबता वाढीव बॅकअप (दर फेरीला फक्त बदललेलं साठवणारा) ठरावीक काळ राखून ठेवायची सोय करू. तोवर बॅकअपची ती प्रक्रिया बंद ठेवली, दुरुस्त करून जानेवारी २०२२ च्या अखेरीपर्यंत परत सुरू करायचं ठरवलं. सोबत एक वाक्य असंही होतं की आपत्तीचा वगैरे विचार करता पूर्ण हमी देणं कठीण आहे, तरी महत्त्वाच्या फायली तुम्ही दुसरीकडेही ठेवा. या वाक्यावर लोक तुटून पडले होते. माझं मत विचाराल तर ते वाक्य पहिल्या दिवशी, अकाउंट उघडताना, मोठ्या अक्षरात सांगायचं असतं. घर जळाल्यावर विम्याची आठवण करून दिली की ती खरी असली तरी शिवीच वाटते.

पण एका गोष्टीला मी दाद देतो. ३ कोटी ४० लाख हा आकडा, मिनिटासकट वेळ, किती गट, किती गटांचं परत येणार नाही, कारण काय, हे सगळं डिसेंबर संपायच्या आत लोकांसमोर होतं. कंपनीचं पत्रही विद्यापीठाने तसंच्या तसं लावलं, त्यात जबाबदारी १०० टक्के आमची असं लिहिलेलं, ज्यांच्या फायली गेल्या त्यांना भरपाई देऊ असंही. आपल्याकडे असलं पत्र निघायला काय काय होतं ते सांगत नाही. मी आधी जिथे होतो तिथे एकदा स्टोरेजचा कंट्रोलर बदलताना एका लॅबचे दोन महिने गेले, व्हेंडर म्हणाला तुमची वीज खराब, इलेक्ट्रिकलवाले म्हणाले तुमचा यूपीएस, यूपीएसवाला म्हणाला एएमसी संपलीय, आणि शेवटी रिपोर्टवर "तांत्रिक कारणास्तव" हे दोन शब्द आले. तांत्रिक कारणास्तव या शब्दांनी आजवर एकही स्क्रिप्ट सुधारली नाहीये. क्योटोचं पत्र स्पष्ट होतं म्हणून तर मी इथे बसून पोरांना बॅश शिकवू शकतो.

भरपाईचं मात्र मला कधी नीट झेपलं नाही. डिस्कची किंमत असते, तासाची किंमत असते. एखादं सिम्युलेशन परत चालवता येतं, लागतील तेवढे मशीनचे तास फुकट द्या, झालं. पण ज्या पोराने ते सेट केलं तो कंपनीत लागून गेला, त्याने कुठली पॅरामीटर का घेतली हे त्याच फोल्डरमधल्या एका नोट्सच्या फाईलमध्ये होतं, सव्वादोन एमबी सोडा, दोन केबीची फाईल. तिचा दर काय लावणार. आणि परत चालवायला वेळ कुठून आणणार, प्रबंधाची तारीख तर मशीन बघून ठरत नाही.

आम्ही आमच्याकडे काय बदललं ते थोडक्यात सांगतो कारण त्यात शौर्य काही नाही. सगळ्या क्रॉनमधल्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्ट आता एका गिट रिपॉझिटरीतून (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं कपाट) जातात आणि जाग्यावर ठेवायचं काम एक छोटी स्क्रिप्ट करते, जी आधी बघते की जुनी चालू आहे का आणि मग एमव्ही करते. आमचा एक सिनियर सहकारी सहा महिने चिडून होता की दोन ओळी बदलायला एवढा सोहळा कशाला. पुसणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एक आकडा घातला, एका फेरीत इतक्यापेक्षा जास्त फायली पुसायची वेळ आली तर थांब आणि मला मेल टाक. लॉगच्या फायली किती असून असून असणार, दोनशे, चारशे. कोटीचा प्रश्नच येत नाही. या आकड्यावरून मला वर्षातून एक-दोनदा खोटी मेल येते, येऊ दे. आणि महिन्यातून एकदा कुठल्याही गटाची कुठलीही जुनी फाईल निवडून ती बॅकअपमधून काढून दाखवायची. पहिल्या महिन्यात ती काढायला आम्हाला पाऊण दिवस लागला कारण टेपच्या लेबलवर ज्याचं अक्षर होतं तो माणूस रिटायर झालेला, त्याला फोन करून विचारलं की साहेब हा सात आहे का एक.

पोरांना ही गोष्ट सांगत होतो तेव्हा एकदा बायोइन्फॉर्मेटिक्सची एक पीएचडीची मुलगी तिथेच बसली होती, क्वोटा, म्हणजे साठवायची जागा, वाढवून घ्यायला आलेली. सगळं ऐकून म्हणाली, "सर, मग माझा डेटा नक्की कुठे कुठे आहे?" म्हणलं अगं थांब, काढूनच दाखवतो. अर्जाच्या मागच्या बाजूला तीन चौकटी काढल्या, एक क्लस्टरचं स्टोरेज, एक आमचा बॅकअप सर्व्हर, एक तिची बाहेरची हार्डडिस्क. हार्डडिस्क कुठे ठेवतेस विचारलं तर म्हणाली लॅबमध्ये चोरी होते म्हणून तुमच्याच सर्व्हर रूमच्या कपाटात ठेवलीय, मागच्या वर्षी तुम्हीच किल्ली दिली होतीत.

मग मी पेन घेतलं आणि तिन्ही चौकटींना मिळून एकच मोठी चौकट काढली, आणि त्यावर खोलीचा नंबर लिहिला.